प्रकाशीय जाळ्यांतील ह्युरिस्टिक अल्गोरिदम

ऑप्टिकल फायबरच्या जाळ्यात दोन ठिकाणे जोडण्याची कोणती मागणी कोणत्या वाटेने आणि कोणत्या तरंगलांबीवर न्यायची हे झटपट ठरवणाऱ्या, पण सर्वोत्तम उत्तराची हमी न देणाऱ्या रीती. एका फायबरमधून अनेक तरंगलांबी एकाच वेळी धावतात. त्यांना सोयीसाठी ‘रंग’ म्हणतात. प्रत्यक्षात १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या सी-बँडमधला हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. अटी दोन: एका दुव्यावर (दोन शेजारच्या ठिकाणांमधल्या फायबरवर) एक रंग एकाच मागणीला, आणि वाटेत रंग बदलणारे यंत्र नसेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग तोच. गोची दुसऱ्या अटीत आहे.

समजा, गोव्यात पणजी–फोंडा–मडगाव–वास्को–पणजी अशी रिंग आहे आणि रंग दोनच, तांबडा व निळा. पणजी–मडगाव मागणी फोंड्यावरून तांबड्यात गेली, फोंडा–वास्को मडगाववरून निळ्यात. आता फोंडा–मडगाव हवे. या दोन शहरांमधला, बोरी पुलावरचा सरळ दुवा भरला. उलट फिरावे, तर फोंडा–पणजीवर फक्त निळा मोकळा, वास्को–मडगाववर फक्त तांबडा. प्रत्येक दुव्यावर जागा आहे, तरी मागणी नाकारावी लागते. दुसरी मागणी पणजीवरून, झुआरी नदी ओलांडून नेली असती (तीही दोनच दुव्यांची वाट), तर बोरीवर निळा शिल्लक राहिला असता.

चार शहरांचे कोडे कागदावर सुटते. पण साध्या रिंगवरही कमीत कमी रंगांचे वाटप एनपी-कम्प्लीट (नेमके उत्तर झटपट काढणारी रीत कोणालाच ठाऊक नाही असे) असल्याचे गॅरी, जॉन्सन, मिलर आणि पापादिमित्रिऊ यांच्या १९८० सालच्या निष्कर्षातून निघते. म्हणून ह्युरिस्टिक.

सर्वांत प्रचलित ‘फर्स्ट-फिट’: रंगांना क्रमांक द्यायचे आणि वाटभर मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक उचलायचा. रीत इतकी साधी की हसू यावे, पण वरचे रंग लांबच्या मागण्यांसाठी अखंड उरतात. यादृच्छिक निवडीत ते विस्कटतात. वाटेसाठी सर्वांत आखूड वाट काढणारी डाइक्स्ट्राची, किंवा पर्यायी वाटा हव्यात तर येनची (१९७१) रीत वापरतात. सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग, जनुकीय किंवा मुंगी-वसाहत अल्गोरिदम, म्हणजे उत्तर पुनःपुन्हा सुधारत नेणाऱ्या संथ रीती, आराखडा आखताना शोभतात. मागणी दारात उभी असताना तेवढा वेळ नसतो.

लवचिक ग्रिडमध्ये (ठरावीक रंगांऐवजी वर्णपट बारीक पट्ट्यांत वाटणाऱ्या जाळ्यात) एका मागणीला १२.५ गिगाहर्ट्‌झचे लागोपाठ पट्टे लागतात. गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये चार जागा रिकाम्या, पण कुटुंबाला एकत्र बसता येत नाही, तसे होते. शिवाय बस बदलली तरी आसन क्रमांक तेच हवेत. विखुरलेली जागा गोळा करायची, तर चालू वाहतूक हलवावी लागते.