भगिनी मंडळी (मुंबई)

भगिनी मंडळी : दोन वेगवेगळ्या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांनी (म्हणजे एकेका चर्चच्या भाविक-समूहांनी) ठरवून जोडलेला आणि वर्षानुवर्षे चालवलेला स्नेहसंबंध. बोलताना याला ‘सिस्टर चर्च’ म्हणतात. कॅथलिक पॅरिशांत (एकेका चर्चच्या स्थानिक विभागांत) ‘सिस्टर पॅरिश’ आणि अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतील धर्मप्रांतांत (बिशपच्या अखत्यारीतील विभागांत) ‘कंपॅनियन लिंक’ हे शब्द रूढ आहेत. एकमेकांसाठी प्रार्थना, पत्रे, भेटीगाठी आणि क्वचित एखाद्या कामात हातभार, एवढा त्याचा व्याप. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने यजमानही व्हायचे आणि पाहुणेही, ही यातली मुख्य अट. मुंबईतल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ती पाळणे विशेष अवघड जाते, कारण त्यांचा जन्मच परदेशी मिशनच्या छत्राखाली झाला.

या कल्पनेचा पाया बायबलच्या नव्या करारात आहे. मासेदोनियातल्या मंडळ्यांनी स्वतः हलाखीत असताना यरुशलेमेतल्या गरजवंतांसाठी वर्गणी काढली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात प्रेषित पौल त्यामागचे तत्त्व सांगतो : आज तुमच्याकडे जास्त आहे त्यातून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्याकडचे तुमच्या उपयोगी पडावे. आधुनिक काळात या विचाराला बळ मिळाले ते १९६३ साली टोरोंटोला भरलेल्या अँग्लिकन काँग्रेसमध्ये. देणारी चर्चेस आणि घेणारी चर्चेस अशी वाटणी सोडून परस्परांची जबाबदारी घ्या, असे तिथल्या घोषणापत्राने बजावले आणि त्यातून धर्मप्रांतांच्या जोड्या लागू लागल्या. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक मंडळ्यांनी यादवीत होरपळणाऱ्या एल साल्वादोरमधल्या गावांशी असेच नाते जोडले.

मुंबईचा इतिहास याहून जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले होते, पण गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी ते अमलात आणण्याची घाई केली नाही आणि दोघे राहिले. यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८२९मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. गिरगावातले आंब्रोळी चर्च आणि आजचे विल्सन कॉलेज हा त्यांचा वारसा. इथल्या मिशनऱ्यांची पत्रे बोस्टनच्या मासिकात छापून येत आणि तिथल्या घराघरांत वाचली जात. १९००च्या दुष्काळात अमेरिकन ख्रिस्ती लोकांनी जमवलेला मका घेऊन ‘क्विटो’ ही बोट मुंबई बंदरात आली. ही माया खरी होती, तिने माणसे जगवली. पण ओघ एकाच दिशेचा होता. मुंबईच्या मंडळीनेही काही पाठवावे, काही शिकवावे, अशी अपेक्षा तेव्हा कोणी केली नाही.

ही असमानता सर्वांत तीव्रतेने जाणवली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले आणि १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमूह सुरू केला. आपला ख्रिस्त आपल्या पद्धतीने आणि आपल्या बळावर भजता यावा, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या मैत्रीची खरी पूर्वतयारी तिथे झाली असे म्हणावे लागते, कारण स्वतःच्या पायावर उभा असलेलाच बरोबरीने हात पुढे करू शकतो. १९७०च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तेव्हापासून परदेशी संस्थांशी होणारा व्यवहार भागीदारीच्या भाषेत होऊ लागला.

प्रत्यक्षात हे नाते चालते लहानसहान गोष्टींवर. दोन्हीकडे प्रार्थनेच्या याद्या जातात : कोणाचे ऑपरेशन, कोणाची दहावीची परीक्षा, कोणाचे घर पुनर्विकासात अडकलेले. व्हिडिओ कॉलवर एकत्र उपासना करायची तर वेळ जुळवावी लागते. मुंबईत रविवारी संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा बोस्टनमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ झालेले असतात. पाहुणे आले की त्यांना मराठी उपासनेतच बसवावे. ‘उपासना-संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली दोन-तीन गीते रोमन लिपीत छापून दिली की पेटी-तबल्याच्या साथीने तेही गाऊ लागतात. एका खोलीच्या घरात पाहुणा मुक्कामाला ठेवणे जमत नाही, म्हणून झोपायची सोय वसतिगृहात आणि जेवण घरोघरी पाळीने, हा मार्ग सोयीचा. मांडीला मांडी लावून जेवताना जे बोलणे होते ते कमिटीच्या बैठकीत होत नाही. घरीच उतरवले, तर २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद करावी लागते. हे काम पाळकांवर (मंडळीच्या धर्मगुरूंवर) न टाकता यजमानानेच करावे.

पैशाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. परदेशी देणग्यांवर १९७६पासून कायद्याचे नियंत्रण आहे. सध्या २०१०चा कायदा लागू असून २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि त्यातला २० टक्क्यांहून अधिक भाग कार्यालयीन खर्चासाठी वापरता येत नाही. निघताना पाहुण्याने मंडळीसाठी पाळकांच्या हाती ठेवलेले पाकीटही याच कायद्याखाली येते. म्हणून देणगीचा विषय भेटीपासून पूर्ण वेगळा ठेवणे उत्तम. देणगी थांबल्यावरही पत्रे येत राहिली, तर नाते रुजले असे समजावे.

महिला मंडळांना ही सवय फार आधीपासून आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन पाळला जातो; त्याची उपासना दरवर्षी एका देशाच्या स्त्रिया लिहितात आणि जगभरच्या स्त्रिया तीच चालवतात. २०२३ साली ती तैवानच्या, २०२५ साली कुक बेटांच्या स्त्रियांनी लिहिली होती.

कॅथलिकांमध्ये पॅरिशांना जोडणारा धागा मुख्यतः धर्मप्रांत आणि संन्याससंघ यांच्यामार्फत जातो. १९६४च्या डिसेंबरात युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा देशोदेशीच्या भाविकांचे आतिथ्य या शहराने केले. वसईच्या मराठी भाषक कॅथलिकांचे एक नाते तर चार शतकांचे आहे : वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२मध्ये त्यांना संतपद मिळाले. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांच्या स्मारकात तेही आहेत. वसईच्या पॅरिशांना जपानमध्ये भगिनी शोधायची असेल, तर सुरुवात तिथून करावी.