जुन्या लैंगिक अत्याचाराची तक्रार : मुदत, पात्रता आणि कागदपत्रे

लैंगिक अत्याचाराची तक्रार किती वर्षांपर्यंत चालते, हे त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेवरून ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ५१४ नुसार ही शिक्षा तीन वर्षांहून अधिक असेल, तर न्यायालयाने दखल घेण्यास कोणतीही मुदत नाही. बलात्कार आणि पॉक्सो, म्हणजे १८ वर्षांखालील बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालील बहुतेक गुन्हे यातच येतात. शिक्षा एक वर्षाहून अधिक पण तीन वर्षांपर्यंत असेल, उदाहरणार्थ पॉक्सोच्या कलम १२ मधील लैंगिक छळ, तर मुदत तीन वर्षांची असते. ती गुन्हा नोंदवल्याच्या तारखेपर्यंतच मोजतात, त्यामुळे तपास रेंगाळल्याचा भुर्दंड तक्रारदाराला बसत नाही. शिवाय विलंबाचे कारण पटल्यास न्यायालय मुदतीनंतरही दखल घेऊ शकते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी तिथल्या तक्रार समितीकडे जाण्याची तीन महिन्यांची मुदत वेगळी असून तिचा पोलीस तक्रारीशी संबंध नाही, तरी दोन्हींची गल्लत सर्रास होते.

जुन्या घटनेला शिक्षेबाबत त्या वेळचा कायदा लागतो. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. विनयभंगाची कमाल शिक्षा ३ फेब्रुवारी २०१३ पासून दोनवरून पाच वर्षे झाली. म्हणून प्रौढ महिलेचा विनयभंग २०१३ च्या संक्रांतीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत झाला असेल तर तीन वर्षांची मुदत लागते, त्याच वर्षीच्या गुढीपाडव्याला झाला असेल तर मुदतच नाही. नेमकी तारीख आठवत नसल्यास सण, इयत्ता, राहते घर अशा खुणा जबाबात आवर्जून सांगाव्यात.

बालपणी अत्याचार झालेली व्यक्ती सज्ञान झाल्यावरही स्वतः तक्रार देऊ शकते. बालकाच्या बाबतीत मात्र माहिती असलेल्या प्रत्येकावर, मग तो शिक्षक असो वा शेजारी, पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे.

घटना अक्कलकोटची असली तरी सोलापूर शहरातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवता येतो. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयाकडे पाठवावी आणि तरीही नोंद न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

तक्रारीसाठी कोणतेही कागद सक्तीचे नाहीत. पुढे पॉक्सोच्या खटल्यात वय सिद्ध करण्यासाठी मात्र शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला लागतो. जुने संदेश पुसू नयेत. महिला व बालकांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात अर्ज द्यावा.