औषधाने बुरशी मरते, मग आपल्या पेशी का मरत नाहीत?

१९४८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, एका मित्राच्या शेतातल्या कुरणाच्या कडेची थोडी माती सूक्ष्मजीवतज्ज्ञ एलिझाबेथ हेझन यांनी गोळा करून आणली. बुरशीवरचं औषध त्या मातीत शोधत होत्या. हेझन न्यूयॉर्क शहरात काम करायच्या. त्यांच्या सहकारी, रसायनतज्ज्ञ रेचल ब्राउन, दूर अल्बनीला. मातीतल्या ज्या जंतूपुढे बुरशी टिकत नसे, तो हेझन बरणीत भरून टपालाने अल्बनीला पाठवायच्या. ब्राउन त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढून परत टपालानेच धाडायच्या. असं कितीतरी बरण्यांचं येणंजाणं झालं. अडचण एकच, पण मोठी होती. बुरशी मारणारं बहुतेक द्रव्य प्रयोगातल्या उंदरांनाही मारायचं.

याचं कारण समजलं की पुढचं सगळं समजतं. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते, त्यामुळे तिला गाठणं सोपं. बुरशी मात्र पेशीच्या रचनेत आपली जवळची नातेवाईक. तिच्यात आणि आपल्यात मोजके फरक आहेत. त्यातला एक पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थाचा: आपल्याकडे तिथे कोलेस्टेरॉल असतं, बुरशीकडे अर्गोस्टेरॉल.

व्हर्जिनियाच्या मातीतल्या द्रव्याने नेमका हाच फरक ओळखला. ते अर्गोस्टेरॉलला चिकटतं, आवरणाला भोकं पाडतं आणि बुरशीच्या पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळून जातं. १९५० साली जाहीर झालेलं हे औषध म्हणजे निस्टॅटिन. न्यूयॉर्क स्टेटवरून पडलेलं नाव! त्याच्या स्वामित्वहक्कातून १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त पैसे आले आणि या दोघींनी ते सारे विज्ञानाच्या कामासाठी देऊन टाकले. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, कारण योनीतल्या बुरशीच्या त्रासात या औषधाचा उपयोग पुढे ज्या असंख्य बायकांना झाला, त्यांतल्या बहुतेकींनी या दोघींचं नावही ऐकलेलं नाही.

योनीत कँडिडा ही बुरशी एरवीही थोडीफार असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात आणि तिला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिक घेतल्यावर हे राखणदारच कमी होतात. गरोदरपण आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांतही बुरशीला बळ मिळतं. मग खाज, आग, लघवी करताना चुरचुर आणि फाटलेल्या दुधासारखा गठ्ठे-गठ्ठे असलेला स्राव. साधारण चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात कुणाच्या अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काहीही संबंध नाही.

आज जास्त वापरली जाणारी औषधं, म्हणजे आत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी आणि तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल, अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी साध्या संसर्गाला पुरते, कारण सुमारे ३० तासांनी ती जेमतेम निम्मी झालेली असते आणि तीनेक दिवस योनीत पुरेशी टिकून राहते. म्हणून गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी खाज थांबली नाही तर घाबरू नये. गरोदर बाईने मात्र ही गोळी स्वतःहून घ्यायची नाही. तिच्यासाठी सहसा आत ठेवायची क्लोट्रिमाझोल सात दिवस देतात.

आपल्याकडे खरी गफलत याच्या आधीच होते. ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढं सांगून कुणीतरी मेडिकलमधून गोळी आणतं. पांढरं जाणं हे एकाच आजाराचं नाव नाही. माशासारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचा बिघाड असतो. फेसाळ, हिरवट-पिवळ्या स्रावामागे ट्रायकोमोनास हा परजीवी असू शकतो. या दोघांत अर्गोस्टेरॉलवर नेम धरणारी गोळी कामाची नाही. डॉक्टर स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. आपल्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे, त्यांना फुटलेले कोंब सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसू लागतात. काही मिनिटांचं काम आहे.

वर्षात तीन-चारदा त्रास उलटला तर ही तपासणी, स्रावाचं कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखणं) आणि रक्तातली साखर बघणं टाळू नये. कधी कधी कल्चरमध्ये कँडिडाची ग्लॅब्राटा ही जात निघते. तिला फ्लुकोनाझोल नीट लागू पडत नाही. अशा वेळी डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, त्यांत हेझन आणि ब्राउन यांचं निस्टॅटिन आजही आहे.