दूधगंगेचा काठ आणि स्परचं नाक

पूर ओसरला की निपाणी-चिकोडी भागातले मळीवाले, म्हणजे दूधगंगेकाठच्या गाळाच्या जमिनीचे शेतकरी आधी नदीकडची बाजू बघायला जातात. कडेचे उसाचे सरे नदीत गेलेले असतात. कड पुष्कळदा पूर चढताना नव्हे, उतरताना ढासळते. माती पाणी पिऊन जड झालेली असते. तिला बाहेरून टेकू देणारं नदीचं पाणी झपाट्यानं उतरतं, आतलं मात्र तितक्या लवकर निचरत नाही. मग अख्खी दरड सुटते.

शेत वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर दुहेरी मार. वळणावर वरचं वेगवान पाणी त्या काठावर आदळतं, तळाशी जातं आणि वाळू-माती ओढत आतल्या काठाकडे नेतं. कपात चहा ढवळल्यावर पत्ती तळाला मधोमध जमते, ती याच कारणानं. आइन्स्टाईननं १९२६ साली हाच दाखला देऊन नदीची वळणं समजावली होती.

अशा ठिकाणी मागणी होते ती स्परची, म्हणजे काठापासून नदीच्या आत काढलेल्या दगडी बांधाची. त्याच्या आडोशाला पाणी संथपणे उलटं फिरतं. वेग मोडला की आधी वाळू बसते, मग पोयटा, आणि काठाला नवी मळी धरू लागते. पण एकट्या स्परनं भागत नाही. वळलेली धार थोडं पुढं जाऊन पुन्हा काठाला भिडते. म्हणून स्पर रांगेनं घालतात, साधारणपणे लांबीच्या दोन ते अडीच पट अंतरावर.

खरी कसोटी लागते ती स्परच्या नाकाशी, म्हणजे नदीतल्या टोकाशी. तिथं पाणी आकसून जोरात निघतं, आणि वेग दुप्पट झाला की तळावरची पाण्याची ओढ जवळपास चौपट होते. दर्शनी बाजूला आदळलेलं पाणी खाली बुडी मारून तळ उकरतं, भोवरे तो माल उचलून नेतात. खड्डा पायाखाली गेला की स्पर नाकापासून ढासळू लागतो. त्यासाठी नाकाभोवती सुट्या दगडांचं जाड अंथरूण घालतात. खड्डा पडेल तसे ते दगड घरंगळून त्याच्या उतारावर बसतात आणि पुढची झीज रोखतात. पैसे वाचवायला हे अंथरूणच कमी केलं, तर वरचं बांधकाम कितीही देखणं असो, मला त्याचा भरवसा वाटत नाही.

मोठ्या पुरात स्पर बुडतो, तेव्हा त्याची दिशा महत्त्वाची. माथ्यावरून जाणारं पाणी माथ्याच्या रेषेशी काटकोनात वळू बघतं. स्पर प्रवाहाच्या दिशेनं कललेला असेल तर हे पाणी थेट काठावर येतं. वरच्या अंगाला कललेला असेल तर नदीच्या मध्याकडे जातं.

मलिकवाड-दत्तवाडपाशी एक काठ कर्नाटकात, दुसरा महाराष्ट्रात. इकडं वळवलेली धार तिकडच्या मळीला लागू शकते, तिकडची इकडं. १९१६ साली सुरू झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नद्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून प्रवाह तपासतात. दूधगंगेवर स्पर घालायचे तर अशीच, दोन्ही काठ धरून केलेली तपासणी आधी व्हायला हवी.