बंब (आंघोळीच्या पाण्याचा)

बंब म्हणजे लाकूड, करवंट्या, गोवऱ्या किंवा कोळसा जाळून आंघोळीचे पाणी तापवण्याचे उभे भांडे. ते तांब्याचे, पितळेचे किंवा पत्र्याचे असते. भांड्याच्या मधोमध आरपार नळा असतो. आग नळ्यात जळते आणि पाणी नळ्याभोवती साठते. ‘आगीचा बंब’ हे अग्निशामक गाडीचे नाव वेगळे असले तरी शब्द तोच आहे, आणि तो पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप या शब्दाशी जोडला जातो.

मुंबईत खोली उबदार करण्यासाठी घरात आग पेटवावी लागत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, पण असा दिवस विरळाच. इथल्या घरात जळण लागले ते स्वयंपाकाला आणि आंघोळीला. गॅस आणि विजेचे गीझर येण्यापूर्वी गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत सज्जात किंवा मागच्या गॅलरीत बंब पेटत. आता ते गावठाणांतल्या बैठ्या घरांत, उत्तन-गोराई-वसईकडच्या अंगणांत, गच्चीवर आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानापुरते दिसतात. बाकीचे दिवाणखान्यात शोभेला गेले. पुन्हा वापरण्यासाठी बंब घेणारे लोक बाहेरची चकाकी आणि वजन पाहतात. पाहायचा असतो तो नळा.

पाणचुलीवरच्या हंड्याला ज्वाळा फक्त बुडाशी लागते आणि उरलेली उष्णता धुरासोबत बाजूने निघून जाते. बंबात चारही बाजूंनी पाणी असल्याने नळ्याच्या भिंतीला मिळालेली उष्णता पाण्यातच जाते. म्हणूनच पेटलेल्या बंबाचे बाहेरचे अंग आतल्या पाण्यापेक्षा जास्त तापत नाही. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेची ताटली आणि हवेसाठी तोंड असते. जळण वरून टाकतात. हवा खालून शिरते, गरम होऊन वर चढते आणि मागून नवी हवा ओढून घेते. ही ओढ नळ्याच्या उंचीवर आणि रुंदीवर ठरते. नळा फार रुंद असेल तर ज्वाळा मधूनच सरळ वर निघते आणि भिंतीला पुरेशी लागत नाही. फार अरुंद असेल तर चार ढलप्यांत तो भरतो, आग कोंडते आणि धूर खालच्या तोंडातून बाहेर येतो. खाली रुंद आणि वर निमुळता नळा सगळ्यांत चांगला. घरगुती बंबाला सरासरी १२ सेंमी व्यास पुरतो.

आकार ठरवताना बंबाची उंची पाहून अंदाज करू नये, हिशेब करावा. बाहेरचा व्यास ३० सेंमी, नळा १२ सेंमी आणि पाण्याची उंची ४० सेंमी असेल तर आत साधारण २४ लिटर पाणी मावते. पाणी ७० अंशांपर्यंत तापवले आणि नळाचे पाणी २५ अंशांचे धरले, तर एक भाग कढत पाण्याला दोन भाग विसण, म्हणजे थंड पाणी, घालून ४० अंशांचे पाणी मिळते. म्हणजे २४ लिटरचे ७२ लिटर होतात, १८ लिटरच्या चार बादल्या. चौघांच्या घराला एवढा बंब पुरेसा आहे. चाळीस लिटरचा घेतला तर रोज सोळा लिटर पाणी उगाच तापते. शिवाय त्याचे ओझे जमिनीवर येते ते वेगळेच. चोवीस लिटरचा भरलेला बंबही पस्तीस किलोच्या आसपास भरतो.

याच २४ लिटरांना २५ वरून ७० अंशांवर न्यायला साधारण साडेचार मेगाज्यूल उष्णता लागते. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडात १५ ते १६ मेगाज्यूल असतात. काजळी नसलेल्या बंबात त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाण्यात उतरते असे धरले, तर एका वेळेला किलोभर सरपण जळते. विजेच्या गीझरला हेच काम सव्वा युनिटात होते. लाकूड वखारीतून विकत आणायचे असेल तर पैशांची बचत हे बंब घेण्याचे कारण होऊ शकत नाही. वाडीतल्या करवंट्या, सोडणे (नारळाची साले) आणि झावळ्या नाहीतरी पडून राहत असतील तर गोष्ट वेगळी.

धातूबद्दल एक समजूत सार्वत्रिक आहे, की तांब्याचा बंब लवकर तापतो. तांबे पितळेपेक्षा कितीतरी चांगले उष्णतावाहक आहे हे खरे. पण बंबात अडतो तो मार्ग गरम धुरापासून धातूपर्यंतचा. तो अडथळा इतका मोठा असतो की पुढे धातू कोणता याने पाच मिनिटांचाही फरक पडत नाही. तांबे घ्यायचे ते टिकाऊपणासाठी. ते गंजत नाही आणि तांबट त्याचा खराब तुकडा कापून नवा बसवू शकतो. पत्र्याचा बंब स्वस्त असतो, पण मुंबईच्या खारट दमट हवेत आधी सांध्यातून आणि मग जाळीच्या कडेने गंजतो. पत्रा निदान २२ गेजचा, म्हणजे ०.७ मिमी, असावा. नळ्याला २० गेज, म्हणजे ०.९ मिमी, मिळाला तर तोच घ्यावा, कारण झीज तिथेच होते.

नवे बंब पायधुणीजवळच्या तांबाकाट्याच्या भांडीबाजारात विचारावेत. जुने चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या दुकानांतही सापडतात. जुना बंब घेताना खिशात लोहचुंबक आणि टॉर्च असू द्यावा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता तांब्याचा मुलामा. बंब अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन नळ्यात टॉर्च लावावा आणि वरच्या तोंडातून पाण्याच्या कप्प्यात पाहावे. टाचणीच्या टोकाएवढी भोकेसुद्धा ताऱ्यांसारखी चमकतात. जाळीच्या वरची १० ते १५ सेंमी पट्टी अंगठ्याने दाबावी, कारण निखारे तिथेच बसतात आणि धातू आधी तिथेच पातळ होतो. दबली किंवा करकरली तर नळा बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलावे. शेवटी काठोकाठ पाणी भरून बंब तासभर वर्तमानपत्रावर ठेवावा. कागदावर ओलीचे वर्तुळ कुठे उमटते यावरून गळती बुडाच्या सांध्यात आहे की तोटीच्या मुळाशी, ते कळते. शोभेसाठी बनवलेल्या बंबांना वरून चकाकीचे लॅकर असते आणि नळा नुसता टेकवलेला असतो. त्यात आग पेटवू नये.

तोटी बुडापासून दोनेक सेंमी वर असावी, म्हणजे गाळ आतच राहतो. तिच्याखाली बादली शिरली पाहिजे, त्यासाठी बंब घडवंचीवर ठेवतात. घडवंची लोखंडी असावी आणि तिच्याखाली कडाप्पा किंवा विटांचे दोन थर. चाळींच्या जुन्या इमारतींत मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची (तक्तपोशी) असते. ताटलीतून उडालेला एक निखारा फटीत शिरला तर तो आत किती वेळ धुमसेल याचा भरवसा नाही, म्हणून अशा मजल्यावर बंब पेटवूच नये. पडदे, वाळत घातलेले कपडे, प्लास्टिकचा पत्रा यांपासून एक मीटर मोकळी जागा हवी.

बंद न्हाणीघरात बंब ठेवणे हा जिवावरचा खेळ आहे. धूर थांबला, नुसते निखारे उरले, आता आत नेला तरी चालेल, असे पुष्कळांना वाटते. नेमके तेच सर्वांत घातक. निखारे धुराशिवाय कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. मुंबईतले न्हाणीघर चार फूट बाय सहा फुटांचे, म्हणजे जेमतेम पाच घनमीटर हवेचे. आधी डोके जड होते, मग पायांतली शक्ती जाते, आणि दार आतून लावलेले असते. बंब उघड्यावर पेटवावा आणि पाणी घंगाळात किंवा बादलीत काढून आत न्यावे. ओसरीवर छप्पर असेल तर नळ्याच्या वरच्या तोंडाला १० सेंमीचा पत्र्याचा धुराडा बसवून त्याचे तोंड पागोळीच्या बाहेर काढावे.

पेटवण्याचा क्रम असा. सर्वांत आधी पाणी, निदान दोन तृतीयांश. मग ताटली रिकामी करणे, कारण राख जाळीला टेकली की हवा बंद होते. जाळीवर दोन करवंट्या पालथ्या, त्यांवर बारीक ढलप्या. खालच्या तोंडातून कागद पेटवून लावावा. ज्वाळा धरली की वीतभर लांब आणि दोन बोटे जाड लाकडे उभी सोडावीत. नळा काठोकाठ भरू नये, वरची वीतभर जागा मोकळी हवी. करवंट्या एका वेळी चार-पाचच टाकाव्यात. जास्त टाकल्या तर त्या भडकून ज्वाळा नळ्याबाहेर येते. अर्ध्या तासात पाण्याच्या तोंडावरच्या झाकणाच्या कडेने वाफ दिसू लागते. झाकण सैलच असावे, त्यावर वजन ठेवू नये. निखारे असेपर्यंत सगळे पाणी उपसू नये. एक बादली काढली की तेवढेच थंड पाणी वरून घालावे.

बहुतेक बंब मरतात ते कोरडे तापून. सांधे कथिल-शिशाने झाळलेले असतील तर ते १८५ अंशांच्या आसपास वितळतात. पाणी आहे तोवर धातू शंभराच्या फार वर जात नाही. पाणी संपले की काही मिनिटांत सांधा सुटतो. अशा वेळी घाबरून गार पाणी ओतले तर वाफेचा भपकारा तोंडावर येतो आणि नळा वाकतो. आधी चिमट्याने जाळी ओढून आग बाहेर काढावी, बंब आपोआप निवू द्यावा. झाळकामात शिसे असू शकते, म्हणून बंबाचे पाणी पिण्याला किंवा डाळ-तांदळाला कधीही वापरू नये.

पाणी उशिरा तापू लागले तर नळ्यात बोट फिरवून पाहावे. कोरडी भुरभुरीत काजळी असेल तर काथ्याचा बोळा काठीला बांधून आठवड्यातून एकदा घासले की झाले. डांबरासारखा चिकट, चमकदार थर असेल तर लाकूड ओले जळते आहे. तो थर खरवडूनच काढावा लागतो, नाहीतर एखाद्या दिवशी स्वतःच पेट घेतो. मुंबईत पावसाळ्यात उघडे ठेवलेले लाकूड वाळतच नाही. वर्षाचे सरपण फेब्रुवारी ते मे या काळात उन्हात वाळवून जूनपूर्वी छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचावे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेले खणखणते, ओले बद्द वाजते. मे महिन्यात हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्या मिळतात, त्यांच्या पट्ट्या पेटवणाला उत्तम. खिळे तेवढे आधी उपटावेत. प्लायवूड, रंगवलेले किंवा पॉलिश केलेले लाकूड आणि प्लास्टिक यांचा धूर विषारी असतो, ती कधीही घालू नयेत. दारातले झाड तोडण्याला महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो आदेश घरच्या बंबासाठी नव्हता, पण दाट वस्तीत शेजाऱ्याच्या खिडकीखाली रोज बंब पेटवणे योग्य नाही.

बाहेरून बंब चिंच-मीठ किंवा लिंबाने घासतात. घासून झाल्यावर चिंचेचा अंश धुऊन कोरडा पुसला नाही तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग चढतात. मुंबईचे तलावांचे पाणी मऊ असल्याने आत क्षार फारसा धरत नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी मात्र दोन महिन्यांनी लिंबूसत्त्व घातलेले कोमट पाणी रात्रभर भरून ठेवावे. पावसाळ्यात बंब काढून ठेवायचा तर सगळी राख झाडून ठेवावा. राख ओल शोषते आणि जाळी चार महिन्यांत गंजून हातात येते.