परसबाग (नाशिक)

घरामागील किंवा घराभोवतीच्या जागेत कुटुंबाच्या गरजेपुरती व हौसेपुरती केलेली लागवड म्हणजे परसबाग. नाशिकमध्ये वसंतातला बहर एकमेकांना दाखवणे आणि त्या निमित्ताने काड्या, कंद, बी व सल्ला यांची देवाणघेवाण करणे हा तिचाच भाग झाला आहे. परस जाऊन अंगण आले, अंगण जाऊन गॅलरी व गच्ची आली, तरी हा व्यवहार टिकून आहे.

पूर्वपीठिका : मोगल अमलात शहराचे नाव गुलशनाबाद होते. येथील बागांची परंपरा त्या काळापर्यंत नेताना या नावाचा दाखला हटकून दिला जातो. मात्र दफ्तरी नावावरून घरोघरच्या लागवडीबद्दल फारसे सिद्ध होत नाही. जुने नाशिक व पंचवटीतील वाड्यांच्या परसांकडे तिचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. क्षेत्राचे गाव असल्याने रोजच्या पूजेला तुळस, बेल, जास्वंद, कण्हेर, पारिजातक, गोकर्ण लागत. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ, कर्दळ वाढे. ही पद्धत निदान पेशवाईच्या उत्तरार्धाइतकी जुनी असावी.

गावठी गुलाब : देवाणघेवाणीत सर्वाधिक फिरलेले आणि ओळखीबाबत सर्वांत घोटाळ्याचे झाड हेच. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे, सुवासिक फूल व काडीने सहज लागण्याचा गुण ही त्याची लक्षणे. गुलकंदाला हेच फूल घेतात. पुष्कळदा त्याला दमास्क गुलाब (रोझा डमॅसेना) म्हटले जाते. दमास्क गुलाबाची उत्पत्ती हाच मुळात वादाचा विषय होता. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ सी. सी. हर्स्ट यांच्या 1941 च्या मांडणीप्रमाणे वर्षातून एकदा फुलणारा दमास्क हा गॅलिका व फिनिशिया या गुलाबाच्या जातींचा, तर पुन्हा फुलणारा शारदीय दमास्क हा गॅलिका व मोस्काटा या जातींचा संकर. जपानी संशोधकांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनए तपासणीने ही विभागणी मोडीत काढली. तपासलेले जुने दमास्क वाण एकाच उगमाचे ठरले आणि मोस्काटा, गॅलिका व मध्य आशियातील फेडचेन्कोआना असे तीन पूर्वज पुढे आले. हा निष्कर्ष आता ग्राह्य मानावा.

नाशिकच्या अंगणातले झाड मात्र थोड्याफार अंतराने बहुतेक वर्षभर फुलते. त्यावरून ते शुद्ध दमास्क नसून बूर्बाँ गटातील ‘एडवर्ड’ असण्याची शक्यता अधिक. हा गट शारदीय दमास्क व चिनी गुलाब यांच्या संकरातून झाला. इ. स. 1820 च्या सुमारास तो रेयूनियन (तेव्हाचे बूर्बाँ) बेटावरून फ्रान्समध्ये पोहोचला. एडवर्ड बेटावरून भारतात आला की कलकत्त्याच्या बागेतून तिकडे गेला, याविषयी मतभेद आहेत.

एडवर्डचा दुसरा उपयोग येथे महत्त्वाचा ठरतो. कलमी गुलाबासाठी तो खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळासकटचे झाड) म्हणून वापरतात. खुंटाच्या सालीवर टी अक्षरासारखा छेद घेऊन हव्या त्या गुलाबाचा ढालीच्या आकाराचा डोळा (सालीसह काढलेली कळी) आत सरकवतात आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. तीनेक आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर तो धरला, काळा पडला तर गेला. पुढे जोडाच्या खालून फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर वरचे कलम मरते आणि खुंटच झाड होऊन बसतो. “लाल गुलाब होता, आता गुलाबी फुलं येतात” ही तक्रार नेहमी ऐकू येते ती यामुळेच. अनेक घरी वडिलोपार्जित म्हणून जपलेला गावठी गुलाब असा मागे उरलेला खुंट असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याने त्याची किंमत तसूभरही कमी होत नाही. फुटवा वरून छाटल्यास पुन्हा जोमाने येतो. माती उकरून तो उगमापासून ओढून काढावा लागतो.

बहर व मशागत : शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मी. उंचीवर असल्याने थंडी चांगली पडते आणि माघ-फाल्गुनात पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर यांचा बहर जोरात असतो. चैत्रात ऊन तापताच हंगामी फुले संपतात व मोगरा सुरू होतो. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, मग छाटणी करून शेणखत घालून पाणी सुरू करायचे, हा सल्ला येथे घरोघरी मिळतो. त्यातली भाषा उघडच द्राक्षबागांची आहे. गुलाबाची मुख्य छाटणीही द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या (फळांसाठी केलेल्या छाटणीच्या) आगेमागे, ऑक्टोबरात होते. भुरीवर (पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीरोगावर) गंधक मारण्याचा उपायही मळ्यातूनच घरी आला. मात्र तापमान 32–35 अंश सेल्सिअसवर गेल्यावर गंधकाने पाने करपतात. फाल्गुनानंतर तो टाळावा; कुंडीतल्या झाडाला तर हे विशेष लागू आहे.

देवाणघेवाण : चैत्रगौरीचे हळदीकुंकू हा बाग दाखवण्याचा जुना प्रसंग. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ते कोणत्याही सोयीच्या दिवशी करतात. गौरीपुढची आरास घरच्या फुलांची असली की आंबेडाळ-पन्हे झाल्यावर बायका आपसूक कुंड्यांकडे वळतात. “ताई, याची एक फांदी द्या हं” येथेच होते. संक्रांतीला वाण म्हणून रोप देण्याची प्रथा अलीकडची. मनी प्लांट न विचारता आणला तरच वाढतो, ही समजूत इतरत्रही आहे.

गच्चीवरील बागेत पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून हलकी माती करतात. या पद्धतीवर कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराचा (प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाचा) प्रभाव मानला जातो.

वसंतात मागितलेली काडी लगेच क्वचितच दिली जाते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती सुकते. जास्वंद, मोगरा, मधुमालती यांच्या काड्या आषाढात पाऊस स्थिरावल्यावर पोहोचवतात. शेवंतीच्या काश्या (बुडाशी फुटलेली मुळे असलेली रोपे) बहर संपल्यावर झाड जमिनीलगत कापून मिळतात. निशिगंधाचे कंद मात्र काढून सावलीत सुकवलेले असल्यास उन्हाळ्यातही देता येतात.