तुरटीचा खडा, माळेगावचे घोडे आणि लसीचा सोबती

उन्हाळ्यात टँकरचं पाणी गढूळ आलं की मराठवाड्यातल्या घरात आजही हंड्यात तुरटीचा खडा फिरवतात. रात्रभर हंडा हलवायचा नाही. सकाळी गाळ तळाला बसलेला असतो आणि वरचं पाणी निवळशंख. 1926 साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषावर, म्हणजे टॉक्सॉइडवर, हाच प्रयोग केला. तुरटी घालताच त्यातलं प्रथिन गाळासारखं खाली बसलं. हा साका गिनीपिगना टोचला, तेव्हा नुसत्या टॉक्सॉइडपेक्षा कितीतरी जास्त प्रतिकारशक्ती तयार झाली. बाळाच्या मांडीत जी पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र, लस जाते, तिच्यातलं ॲल्युमिनियमचं क्षार त्या साक्याच्याच घराण्यातलं आहे. आता हंड्यातला खडा वापरत नाहीत, शुद्ध ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट वापरतात, पण तत्त्व तेच.

या सोबत्याला शास्त्रात ॲडज्युव्हंट म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ ‘मदत करणारा’. वैद्य चूर्णासोबत मध किंवा तूप द्यायला सांगतो, त्याला आपण अनुपान म्हणतो. सुरुवातीला तेवढं समजून घेतलं तरी चालेल. आपल्या भागातली मुलंमुली सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकून इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राच्या, संशोधनात जातात, तेव्हा घरच्यांना प्रश्न पडतो की लस तर केव्हाच सापडली, आता हे दहा-दहा वर्षं कसलं संशोधन करतात? त्याचं बरंचसं उत्तर या सोबत्याच्या इतिहासात आहे.

हा इतिहास सुरू होतो घोड्यांपासून. गास्तों रामों हे फ्रान्सचे पशुवैद्य, पाश्चर संस्थेत काम करणारे. त्या काळी माणसाच्या घटसर्पावर इलाज म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेला प्रतिविषाचा रस. घोड्याला घटसर्पाचं विष थोडंथोडं टोचायचं आणि त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की ते काढून घ्यायचं. रामोंच्या लक्षात आलं की ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होतं, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडतं. माळेगावच्या यात्रेत घोड्याच्या अंगावर असं गळू दिसलं तर घेणारा पुढच्या घोड्याकडे वळेल. रामों मात्र तिथेच थांबले. त्यांनी टोचणीत मुद्दाम साबुदाण्यासारखा टॅपिओका, पिठूळ पदार्थ, पावाचा चुरा मिसळून पाहिलं. सूज वाढली आणि प्रतिविषही वाढलं. 1925 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. इतक्या साध्या निरीक्षणातून एवढी मोठी वाट निघावी, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

आपल्या भाषेत ‘घटसर्प’ हा शब्द माणसाच्या डिप्थेरियालाही आहे आणि जनावरांच्या गळा सुजवणाऱ्या रोगालाही. दोन्हींचे जंतू वेगळे, पण दोन्हींच्या लशींना सोबती लागतो. जनावरांच्या घटसर्पाची तुरटीवर बसवलेली लस साधारण चार ते सहा महिने साथ देते. तेलात घोटलेली लस नऊ महिने ते वर्षभर टिकते, मात्र ती दाट असते आणि टोचायला जड जाते. पावसाळ्याआधी गोठ्यात लस टोचून गेल्यावर बैलाच्या मानेवर गाठ दिसली की शेतकरी काळजीत पडतो. शरीर काम करतंय, याचीच ती बरेचदा खूण असते. ही तेलाची वाट ज्युल्स फ्रॉइंड यांच्या कामातून रुंद झाली. 1930-40 च्या दशकांत त्यांनी तेल, पाणी आणि क्षयाचे मारलेले जंतू यांचं मिश्रण केलं. त्याचा परिणाम जबरदस्त होता, पण जखमाही तशाच व्हायच्या, म्हणून माणसासाठी ते कधीच चाललं नाही.

तुरटी का काम करते? ग्लेनींचं म्हणणं होतं की तिच्यामुळे लस टोचल्या जागी साठून राहते आणि हळूहळू झिरपते. कित्येक दशकं पुस्तकांत हेच शिकवलं गेलं. पुढे 2012 साली उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यात टोचलेली जागाच काही तासांत कापून काढली, तरी प्रतिकारशक्ती तितकीच आली. साठ्याची कल्पना निदान पूर्ण खरी नव्हती. जी गोष्ट जगभर कोट्यवधी लेकरांना सुखरूप टोचली जात होती, तिचं कारणच नीट माहीत नव्हतं.

अमेरिकेचे चार्ल्स जेनवे यांनी 1989 साली हे उघड मांडलं. सोबत्याशिवाय आपल्या लशी चालत नाहीत, हे आपण इम्युनॉलॉजीवाल्यांचं लाजिरवाणं गुपित आहे, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांचा तर्क असा होता की नुसतं परकं प्रथिन दिसलं म्हणून शरीर जागं होत नाही. आधी धोक्याची खूण पटावी लागते, जंतूच्या आवरणाचा एखादा ओळखीचा तुकडा दिसावा लागतो. गावात अनोळखी माणूस आला म्हणून लगेच कुणी दवंडी पिटत नाही, त्याच्या हातात काय आहे ते आधी पाहतात, तसंच हे. पुढच्या दहा वर्षांत या खुणा ओळखणारे ‘टोल’ जातीचे रिसेप्टर, म्हणजे पेशींमधले पहारेकरी रेणू, सापडले. फळमाशीवर काम करणारे ज्युल्स हॉफमन, उंदरांवर काम करणारे ब्रूस ब्यूटलर आणि या खुणा पुढे पोहोचवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी 1973 मध्येच दाखवून देणारे राल्फ स्टाइनमन यांना 2011 चं नोबेल मिळालं. जेनवे 2003 सालीच गेले होते. त्यांचं नाव त्या यादीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

एका संशोधकाचं आयुष्य या विषयात कसं गुंतत जातं, ते पाहायचं तर डॉ. जी. पी. तलवार यांच्याकडे पाहावं. पॅरिसमध्ये डॉक्टरेट, मग दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये अध्यापन आणि पुढे दिल्लीतल्या राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्थेची उभारणी. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात रुग्णाच्या पेशी जंतूकडे जणू पाठ फिरवून बसतात. औषधांनी जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष शरीरात रेंगाळतात. तलवारांच्या गटाने जमिनीत-पाण्यात सापडणाऱ्या निरुपद्रवी भाऊबंद जंतूंमधून असा एक निवडला, की तो मारून टोचल्यावर या निद्रिस्त पेशी हलाव्यात. आधी त्याला नुसतं सांकेतिक नाव होतं, ‘एमडब्ल्यू’. पुढे ‘मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी’ असं बारसं झालं. ‘प्रानी’ हे तलवारांच्या प्राण या नावावरून. कुष्ठरोगाच्या औषधांच्या जोडीला ही लस देण्याची परवानगी भारतात मिळाली.

त्यांचा दुसरा ध्यास गर्भनिरोधक लशीचा. गर्भ रुजवण्यासाठी लागणारं एचसीजी संप्रेरक शरीराला परकं वाटतच नाही, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार कशी व्हावीत? तलवारांनी ते धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलं, तुरटीच्या क्षारावर बसवलं आणि पहिल्या टोचणीत जंतूच्या आवरणातला सौम्य केलेला घटक घातला. 1994 मध्ये निष्कर्ष आले. पुरेशी प्रतिपिंडं असताना 1224 मासिक चक्रांत एकच गर्भधारणा. पण पुरेशी प्रतिपिंडं सगळ्याच स्त्रियांत तयार झाली नाहीत, आणि तिथेच गाडं अडलं. पुढे त्यांनी जास्त जोरकस सोबती म्हणून कोणाला घेतलं, तर त्याच कुष्ठरोगावरच्या जंतूला. चार दशकांमागचं एक काम दुसऱ्याच्या मदतीला असं येतं.

अलीकडचं ओळखीचं उदाहरण कोव्हॅक्सिन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून मिळालेला विषाणू, हैदराबादच्या भारत बायोटेकचा कारखाना, आणि सोबती म्हणून तुरटीच्या क्षारावर बसवलेला एक रेणू, जो टोल 7 आणि टोल 8 या रिसेप्टरना जागं करतो. जेनवेंचा तर्क आपल्यापैकी अनेकांच्या दंडातून गेला आहे.

तुरटीच्या लशीची एक खोड आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना चांगली ठाऊक असते. आपल्याकडे पारा 42 च्या वर गेला की सगळ्यांना उष्णतेची धास्ती वाटते, पण ही लस गोठली तर जास्त बिघडते. तुरटीचे कण एकमेकांना चिकटतात, लस पुन्हा एकजीव होत नाही. म्हणून 2 ते 8 अंश. शंका आली तर कुपी हलवून पाहायची. खाली झरझर गाळ बसला की ती कुपी बाजूला.

आणि डोस. सोबती चांगला असेल तर कमी डोसांत काम भागू शकतं. बीड, धाराशिव, जालन्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे फडावर निघतात. पेंटाव्हॅलंटचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस गावात होतो आणि दुसऱ्याच्या वेळी आई कारखान्याच्या कोपीवर असते. डोस जितके कमी, तितकी चुकामूक कमी. ही गोष्ट आमच्याकडच्या आशाताईंना आकडेवारीवाचून कळते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत या भागाचं नाव जगभर पोहोचलं आहे. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1,31,746 स्त्रियांवर तपासणीचा अभ्यास झाला. एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी एचपीव्ही लशीच्या डोसांचा देशव्यापी अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांत शेजारचं बार्शीही होतं. 2010 मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागलं, त्यामुळे काही मुलींना तीन डोस मिळाले, काहींना दोन, काहींना एकच. त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. वर्षानुवर्षं तपासल्यावर दिसलं की तुरटीच्या क्षारावर बसवलेल्या या लशीचा एक डोसही तीन डोसांइतकाच राखण करतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला. फडावर निघालेल्या घरातल्या मुलीला तो निघण्याआधी गावातच देता येतो.